एका मिलिव्होल्टचा हिशेब

रोवणीच्या दिवसांत बांधीत वाकलेल्या माणसाच्या छातीत कळ आली, की घरात पहिला शब्द निघतो तो ‘गॅस’. ओवा चावला जातो, पाठ चोळली जाते, ‘थोडं पडून राहा’ म्हटलं जातं. तास-दोन तास असेच जातात. मग कुणीतरी मोटारसायकल काढतं, दुखणाऱ्याला मध्ये बसवतं, मागे एकजण धरून बसतो आणि तालुक्याचं गाव गाठलं जातं. तिथे ईसीजी निघतो. लाखांदूरकडच्या माणसाला त्यापुढे नागपूरला न्यायचं ठरलं, तर शंभराहून जास्त किलोमीटरचा रस्ता बाकी असतो.

मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. माझ्याकडे येणारी मुलं भंडारा जिल्ह्यातली, साकोली, पवनी, तुमसरकडची. त्यांनी हे घरात पाहिलेलं असतं. त्यामुळे दरवर्षी एक प्रश्न येतोच : “सर, ईसीजीचं मशीन घरी बनवता येते ना?” येतं. सामान हाताशी असेल तर एका संध्याकाळी येतं. पण बनवलेल्या यंत्राला काय विचारायचं आणि काय विचारायचं नाही, याचं उत्तर एका संध्याकाळचं नाही. या लेखात त्या दोन्ही बाजू पाहू.

मागणी फार जुनी आहे. १८८७ मध्ये लंडनमध्ये ऑगस्टस वॉलर यांनी माणसाच्या हृदयातली वीज शरीराबाहेरून प्रथम टिपली. पाऱ्याची बारीक नळी आणि तिच्या हलणाऱ्या कडेचा फोटो, एवढंच त्यांचं साधन होतं. त्यांचा जिमी नावाचा कुत्राही मिठाच्या पाण्यात पाय बुडवून उभा राहत असे. पुढे हॉलंडमधल्या लायडन गावी विलेम आइन्थोव्हन यांनी चुंबकाच्या फटीत क्वार्ट्झची तार ताणून तिची थरथर टिपली. त्यांचं यंत्र सुमारे २७० किलोचं होतं, चालवायला पाच माणसं लागत आणि चुंबक थंड ठेवायला पाणी खेळवावं लागे. प्रयोगशाळेतून यंत्र हलवणं अशक्य आणि तिथे रुग्ण आणणं अवघड. म्हणून त्यांनी १९०५ मध्ये रुग्णालयापासून दीड किलोमीटरवरच्या प्रयोगशाळेपर्यंत टेलिफोनच्या तारेवरून हृदयाची खूण पाठवली. आज ज्याला टेलि-ईसीजी म्हणतात, त्याची सुरुवात अशी झाली. १९२४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. अंगावर बाळगण्याचं यंत्र त्यानंतर पंचवीसेक वर्षांनी आलं. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातल्या नॉर्मन होल्टर यांनी बांधलेला तो संच पाठीवर घ्यायचा होता आणि त्याचं वजन जवळपास ३८ किलो होतं. म्हणजे साधारण धानाच्या एका पोत्याएवढं ओझं घेऊन माणसाने चालायचं, आणि यंत्राने त्याचं हृदय ऐकायचं.

तेच काम आज नखाएवढी चिप करते. ॲनालॉग डिव्हायसेस या कंपनीने २०१२ मध्ये ‘एडी ८२३२’ बाजारात आणली आणि घरगुती ईसीजीचं चित्र बदललं. ती ३.३ व्होल्टवर चालते आणि १७० मायक्रोअँपिअर एवढाच प्रवाह खाते, म्हणजे छोट्या बॅटरीवर दिवसचे दिवस चालेल. तिची तयार पट्टी नागपूरला सीताबर्डीत, मुंबईला लॅमिंग्टन रोडवर किंवा पोस्टाने हजार रुपयांच्या आत मिळते. सोबत एक आर्डुइनो किंवा ईएसपी ३२, तीन वायरी, छातीला चिकटवायच्या तीन चकत्या. झालं मशीन.

त्या पट्टीत काय चालतं ते नीट समजून घ्यावं, कारण पुढची सगळी चर्चा त्यावर उभी आहे. हृदयाचा ठोका छातीच्या कातडीवर येईपर्यंत जेमतेम एक मिलिव्होल्टचा राहतो, म्हणजे पेन्सिल सेलच्या दीड हजाराव्या भागाएवढा. कातडी आणि चकती यांच्या संगमावर याच्या कितीतरी पट, कधी तीनशे मिलिव्होल्टपर्यंत, स्थिर दाब तयार होतो. आणि घरातली ट्यूबलाइट, पंखा, बोअरची मोटर, इन्व्हर्टर या सगळ्यांची ५० हर्ट्झची घरघर आपल्या अंगावर बसलेली असते, तीही त्या एक मिलिव्होल्टहून कितीतरी मोठी. डीजेच्या भिंतीसमोर उभं राहून कुणाची कुजबुज ऐकावी, तसं हे काम आहे.

यातून सुटका करणारी युक्ती सुंदर आहे. घरघर संपूर्ण अंगावर सारखीच असते, पण हृदयाची खूण उजव्या आणि डाव्या हाताला वेगवेगळी पोहोचते. म्हणून दोन जागांचे दाब एकमेकांतून वजा करायचे. जे समान आहे ते कटतं, जे वेगळं आहे ते उरतं. ही वजाबाकी जितकी चोख, तितका ॲम्प्लिफायर चांगला. चांगल्या ॲम्प्लिफायरमध्ये समान भाग लाखपट दाबला जातो. तरीही उरलेली घरघर उलटी करून तिसऱ्या चकतीतून, बहुधा उजव्या पायातून, अंगातच परत सोडतात, म्हणजे अंग स्वतःच शांत होतं. या युक्तीचा गणिती हिशेब ब्रूस विंटर आणि जॉन वेबस्टर यांनी १९८३ मध्ये मांडला. मुलांना हे फळ्यावर शिकवताना मला दरवेळी तोच आनंद होतो. गोंगाट थांबवायला गोंगाटच वापरायचा, ही कल्पना एकदा डोक्यात शिरली की माणूस इलेक्ट्रॉनिक्स सोडत नाही.

पहिल्यांदा जोडल्यावर मात्र पडद्यावर हृदय दिसत नाही. दिसते ती जाड, केसाळ पट्टी. मुलं चिप बदलतात, प्रोग्राम बदलतात. चूक बहुतेक वेळा कातडीवर असते. चकतीची जागा साबणाने धुवून कोरडी करावी, केस असतील तर काढावेत, चकतीवरचं जेल वाळलेलं नसावं, वायरी एकमेकींभोवती पिळाव्यात आणि माणसाला पंख्यापासून दूर, अंग सैल सोडून झोपवावं. एवढं केलं की केसाळ पट्टीतून हळूहळू टोकदार ठोके वर येतात. मुलं ओरडतात. ओरडायलाच हवं. आपल्या छातीतली वीज आपण बांधलेल्या सर्किटवर पाहणं हा साधा अनुभव नाही.

पण खरी मेख इथेच आहे, आणि ती फार कमी ठिकाणी सांगितलेली असते. पडद्यावरची रेघ श्वासागणिक वरखाली डोलू नये म्हणून या तयार पट्टीत एक गाळणी बसवलेली असते. अर्ध्या हर्ट्झपेक्षा सावकाश हलणारं सगळं ती कापते, आणि वरच्या बाजूला ४० हर्ट्झच्या पुढचंही. ठोके मोजायला ही गाळणी उत्तम. पण हृदयाची नळी बंद पडल्याची खूण टोकदार ठोक्यात नसते. ठोका संपल्यावर पुढची लाट सुरू होण्याआधी जो सपाट तुकडा येतो, डॉक्टर ज्याला एसटी म्हणतात, तो वर उचलला गेला आहे की खाली दबला आहे, यात ती असते. हा तुकडा सावकाश बदलणारा आहे. साध्या गाळणीने सावकाश बदल कापले की तोही वाकतो. उचललेला तुकडा खाली येऊ शकतो, किंवा नसलेला उतार दिसू शकतो. म्हणूनच निदानासाठीच्या मशीनला ०.०५ हर्ट्झपर्यंत खाली उतरावं लागतं, म्हणजे दहापट सावकाश बदल जपावे लागतात. तेवढं उतरलं की रेघ श्वासाबरोबर डोलायला लागते, आणि ती आवरायला चांगल्या चकत्या, शांत रुग्ण आणि जास्त हुशार गणित लागतं. घरगुती मशीनवरची रेघ जितकी नीटनेटकी, तितकी ती या एका प्रश्नाबाबत कमी विश्वासाची. गावातल्या कुणी ती नीटनेटकी रेघ पाहून “काही नाही, गॅसच आहे” म्हटलं, तर मशीनने एक माणूस घालवला असं मी म्हणेन.

दुसरी मर्यादा जागेची आहे. तीन चकत्यांचं यंत्र हृदयाकडे एकाच खिडकीतून पाहतं. दवाखान्यातला ईसीजी दहा चकत्या लावून बारा खिडक्या, म्हणजे बारा ‘लीड’, उघडतो. हृदयाची खालची भिंत दुसऱ्या, तिसऱ्या आणि एव्हीएफ या खिडक्यांतून दिसते, पुढची भिंत छातीवरच्या खिडक्यांतून. एका खिडकीतून आग दिसली नाही म्हणून घर सुरक्षित आहे असं म्हणता येत नाही. आणि बारा खिडक्यांचा पहिला ईसीजी नॉर्मल आला तरी झटका असू शकतो, म्हणून डॉक्टर थोड्या वेळाने पुन्हा काढतात आणि रक्तात ट्रोपोनिन तपासतात. छातीवर चकत्या लावायला आडोसा हवा, बाईला लावायला बहुधा नर्सताईच हवी, आणि पहिली चकती नेमकी चौथ्या बरगडीखालच्या फटीत बसायला हवी. हे काम चिप करत नाही.

मग एका खिडकीच्या यंत्राला काहीच विचारू नये का? विचारावं, पण लयीबद्दल. ठोके किती, मध्येच सुटतात का, दोन ठोक्यांमधलं अंतर सारखं आहे की कसंही बदलतंय, हे तीन चकत्या चांगलं सांगतात. धडधड होते, चक्कर येते, पण दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळं शांत होतं, अशा माणसाच्या बाबतीत तो नेमका क्षण टिपला गेला तर डॉक्टरांना मोठा आधार मिळतो. ठोका ओळखण्याचं गणितही खुलं आहे. जियापू पान आणि विलिस टॉम्पकिन्स यांनी १९८५ मध्ये मांडलेली पद्धत आजही विद्यार्थी पहिल्यांदा शिकतात : रेघेचा चढ काढा, त्याचा वर्ग करा, थोड्या वेळाची सरासरी घ्या, आणि उंबरठा रुग्णाप्रमाणे बदलत ठेवा. ती तपासायला ४७ माणसांच्या अर्ध्या-अर्ध्या तासाच्या ४८ नोंदी असलेला, अमेरिकेतल्या एमआयटी आणि बेथ इस्राएल रुग्णालयाने जमवलेला संच कुणालाही फुकट मिळतो. पवनीच्या मुलाला आणि बोस्टनच्या मुलाला इथे एकच वही मिळते. बोटाला लावायचे प्रकाशाचे सेन्सर मात्र हृदयाची वीज पाहतच नाहीत. ते बोटातल्या रक्ताची भरती-ओहोटी पाहतात. नाडी मोजायला पुरेसे, त्यापुढे नाही.

आपल्याकडे या दिशेने काय झालं? पुष्कळ, आणि त्यातलं बरंचसं महाराष्ट्रात. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने हातात मावणारं बारा लीडचं टेलि-ईसीजी तयार केलं, ब्लूटूथने मोबाइलशी जोडलं आणि ते तंत्रज्ञान उत्पादकांना दिलं. पवईच्या आयआयटीत ‘सिलिकॉन लॉकेट’ नावाने गळ्यात घालायच्या ईसीजीवर काम झालं. बंगळुरूत जीईच्या अभियंत्यांनी ‘मॅक ४००’ हे बॅटरीवर चालणारं स्वस्त मशीन बांधलं. त्याचा छपाईचा भाग बसमध्ये तिकीट छापणाऱ्या यंत्रावरून घेतला होता. एसटीच्या कंडक्टरच्या हातातलं यंत्र धूळ, घाम, धक्के सहन करतं हे आपण रोज पाहतो. ते पाहून ईसीजीचं मशीन बांधणाऱ्याला मी खरा अभियंता मानतो. डेहराडूनच्या सनफॉक्सचं ‘स्पंदन’ आणि नोएडाच्या आगात्साचं ‘संकेत’ ही खिशात मावणारी मशीनं तर तरुणांनी सुरू केलेल्या छोट्या कंपन्यांतून आली.

म्हणजे मशीन बांधणं हा आता अडसर राहिलेला नाही. तमिळनाडूत २०१२ ते २०१४ दरम्यान ‘स्टेमी इंडिया’ या संस्थेने एक प्रयोग केला. छोटी रुग्णालयं, रुग्णवाहिका आणि मोठी हृदय-केंद्रं एका जाळ्यात बांधली. ईसीजी जिथे निघेल तिथून पुढे पाठवायचा, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन जवळच्या ठिकाणी द्यायचं, मग रुग्ण पुढे न्यायचा. २,४२० रुग्णांच्या त्या अभ्यासात वर्षभरातलं मृत्यूचं प्रमाण १७.६ टक्क्यांवरून १४.२ टक्क्यांवर आलं. हे घडलं ते रेघ, ती वाचणारा माणूस, इंजेक्शन आणि गाडी यांची साखळी न तुटल्याने. भंडाऱ्यात या साखळीच्या बऱ्याच कड्या आहेत : २०१४ पासून १०८ ची गाडी आहे, ग्रामीण रुग्णालयं आहेत, जिल्हा रुग्णालय आहे. पहिली कडी मात्र घरात आहे. छातीत दाब, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, घाम, यातलं काही असेल तर ओवा नाही, घरगुती मशीनही नाही, थेट १०८.

विजेच्या धोक्याबद्दल बोलायला मला जड जातं, कारण हा जिल्हा ९ जानेवारी २०२१ ची रात्र विसरलेला नाही. जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात आग लागली आणि दहा बाळं गेली. रुग्ण आणि वीज एका खोलीत असतात, तिथे ‘चालतंय ना, मग झालं’ हा शब्द उच्चारायचाच नाही, एवढं तरी आम्ही त्या रात्रीपासून शिकायला हवं. ईसीजीत आपण कातडी धुवून, जेल लावून तिचा नैसर्गिक रोध मुद्दाम कमी केलेला असतो. एरवी झटक्यापासून तोच रोध आपल्याला थोडाफार वाचवतो. धातूच्या लॅपटॉपला चार्जिंगच्या वेळी हात लावला की मुंग्या येतात, तो गळणारा प्रवाह असतो. हृदयाशी थेट संबंध येणाऱ्या उपकरणाला आंतरराष्ट्रीय मानक नेहमीच्या स्थितीत १० मायक्रोअँपिअरच्या वर गळती होऊ देत नाही. गावातल्या अर्थिंगच्या भरवशावर ही मर्यादा कुणी पाळू शकत नाही. म्हणून घरगुती सर्किट फक्त बॅटरीवर चालवायचं आणि माहिती मोबाइलकडे बिनतारीच पाठवायची. चार्जर लावलेल्या लॅपटॉपची यूएसबी वायर जोडायचीच नाही. आणि पेसमेकर असलेल्या किंवा आजारी माणसावर प्रयोग करायचाच नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात. ‘मेडिकल डिव्हायसेस रूल्स २०१७’ हे नियम १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले आणि ११ फेब्रुवारी २०२० च्या अधिसूचनेने जवळपास सगळी वैद्यकीय उपकरणं औषधांच्या कायद्याखाली आली. शिकण्यासाठी बांधणं वेगळं. दुसऱ्याला विकणं किंवा दवाखान्यात निदानाला वापरायला देणं म्हणजे परवाना, चाचण्या, कागदपत्रं. हे मुलांना आधीच सांगितलं, तर प्रदर्शनात बक्षीस मिळालेलं मशीन दुसऱ्या दिवशी कुणाच्या आजोबांच्या छातीला लागत नाही.

इतकं ‘नाही’ सांगून झालं, तर करायचं काय? विदर्भात याचं एक उत्तर आधीच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला श्वास मोजायचं एक साधन केलं. वाळूचं एका मिनिटाचं घड्याळ आणि तारेवर ओवलेले मणी. लिहिता-वाचता न येणाऱ्या दाईने बाळाचे दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोहोचलो, तर श्वास धोक्याच्या वेगात आहे. बॅटरी नाही, पडदा नाही, आणि एकच प्रश्न. ज्या प्रश्नाचं उत्तर ते साधन देऊ शकतं, तेवढाच विचारला जातो. हृदयाच्या सर्किटला असा प्रश्न शोधायचा, तर तो रुग्णाबद्दल नसावा असं माझं मत होत गेलं आहे.

पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ पासून शाळकरी मुलांच्या हाताला काम आणि कामातून विज्ञान ही वाट घातली. २००२ मध्ये तिथे एमआयटीच्या मदतीने फॅब लॅब उभी राहिली. आश्रमातून निघालेला ‘मूलभूत तंत्रज्ञान परिचय’ हा विषय राज्यातल्या अनेक शाळांत पोहोचला. आठवी-नववीची मुलं वेल्डिंग करतात, वायरिंग करतात, गावासाठी सेवा देतात. अशा हातांना दवाखान्यातही काम आहे. जुनी-नवी ईसीजीची मशीनं बिघडतात तेव्हा बिघाड क्वचितच मोठा असतो. वायर आतून तुटलेली असते, क्लिप गंजलेली असते, किंवा मशीन बरोबर असतं पण कुणाला खात्री नसते. एकदा एका दवाखान्यात मी असंच मशीन कोपऱ्यात झाकून ठेवलेलं पाहिलं. वायरीतली एक तार तुटली होती, बाकी काही नाही.

म्हणून गेल्या वर्षापासून मी मुलांना ईसीजीचं मशीन बांधायला देत नाही. आधी खोटं हृदय बांधायला देतो. माणूस जोडायचाच नाही, मशीन जोडायचं. मायक्रोकंट्रोलरच्या पायावर ३.३ व्होल्टचा चौकोनी ठोका काढायचा, ३३० किलोओहम आणि १०० ओहमच्या दोन रोधांतून तो खाली आणायचा. खालच्या रोधावर एक मिलिव्होल्ट मिळतो, हृदयाएवढाच. डाव्या हाताची आणि डाव्या पायाची क्लिप त्या टोकाला, उजव्या हाताची आणि उजव्या पायाची शून्याला. मशीनची कागदी पट्टी चालू करायची. पट्टीवर दहा बारीक घरांची उडी यायला हवी, कारण दहा मिलिमीटर म्हणजे एक मिलिव्होल्ट हे जगभराचं माप आहे. उडी आठच घरांची आली, तर मशीन वीस टक्के कमी सांगतंय. सेकंदाला एक ठोका सोडला, तर दोन उड्यांमध्ये पंचवीस घरं हवीत. कमी-जास्त असतील तर कागद ओढणारी मोटर चुकते आहे. पहिल्या आणि दुसऱ्या लीडमध्ये उडी सारखी हवी, तिसऱ्यात सपाट रेघ, कारण पहिली अधिक तिसरी बरोबर दुसरी हा आइन्थोव्हनचाच नियम आहे. पहिली लीड उलटी आली, तर दोन हातांच्या वायरी अदलाबदल झाल्या आहेत. खऱ्या रुग्णावरही ही चूक अगदी नेहमी होते. क्लिप हलवताना उडी मधूनच गायब झाली, तर तार तिथेच तुटली आहे, बोट ठेवून दाखवता येते.

हे सगळं साबणदाणीएवढ्या डबीत बसतं. सामान दोन-चारशे रुपयांचं. मोहाडीच्या एका मुलाने डबीवर पेनाने लिहिलं आहे : ‘दहा घरं’.